प्लेपेन की कोंडवाडा? मराठवाड्यातल्या आयांचे वारंवार येणारे प्रश्न

माझं लेकरू रांगायला लागलं तेव्हा आम्ही लातुरात दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. प्लेपेन आणला त्या दिवशी गल्लीतल्या बायका तो बघायला आल्या, जशा नवा फ्रिज बघायला येतात. पुढे तोच प्लेपेन सात घरांत फिरला आणि प्रत्येक घरातून जवळपास तेच प्रश्न माझ्याकडे आले. ते इथे एका जागी लिहून काढलेत. मी डॉक्टर नाही. लेकराच्या वाढीबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञाकडेच जा. बाकी घर, पाणी, सासू आणि सुतार यांच्याबद्दल खुशाल मला विचारा.

प्लेपेन म्हणजे पाळणाच ना?

नाही. पाळणा झोपेसाठी, प्लेपेन जागेपणासाठी. चारी बाजूंनी जाळी किंवा कठडा, वरून उघडा, खाली पातळ गादी नाहीतर सरळ फरशी. लेकरू आत बसतं, रांगतं, कठडा धरून उभं राहतं, पण बाहेर येत नाही. दुकानात कुणी प्ले यार्ड म्हणतं, कुणी बेबी फेन्स. आमच्या गल्लीत तिचं नाव 'जाळी' असंच पडलं.

पण आजकाल हे कुणी वापरतं का? तो काळ गेला म्हणतात.

परदेशात बऱ्याच आईबापांनी प्लेपेन सोडलाय, हे खरं आहे. तिकडे आता एक अख्खी खोलीच लेकरासाठी निर्धोक करतात, दाराला छोटं फाटक लावतात आणि त्याला मोकळं सोडतात. रीत चांगली आहे. पण त्यासाठी आधी एक खोली रिकामी लागते. आमच्याकडे पुढची खोली म्हणजे बैठक, जेवायची जागा, पाहुण्यांची झोपायची जागा, आणि गावाकडून सोयाबीन आलं की पोत्यांची जागासुद्धा. मागची खोली म्हणजे सैपाकघर, त्याच्याच कोपऱ्यात न्हाणी आणि न्हाणीला लागून पाण्याची टिपाडं. यात निर्धोक करता करता काय काय करणार?

जुन्या वाड्यात उंबरे उंच असायचे, ओसरीवर कुणीतरी बसलेलं असायचं, आणि रांगतं लेकरू उंबऱ्यापाशी येऊन थबकायचं. आता उंबरा फरशीच्या एका पट्टीवर आलाय आणि ओसरीची पार्किंग झालीय.

म्हणून माझं उत्तर असं, की हो, उपयोग आहे, पण दिवसातून चार-पाच वेळा, दहा-पंधरा मिनिटांसाठी. नळाला पाणी आलंय, तेलात पुरी सोडलीय, बादलीत हिटर लावलाय, कुणीतरी दारात उभं आहे. अशा वेळी लेकरू कुठे आहे हे न बघता माहीत असणं, एवढंच त्या जाळीचं काम. ज्या घरात हे कळलं तिथे ती टिकली. ज्यांना वाटलं की आता लेकरू सांभाळायचं यंत्रच आणलंय, त्यांच्याकडून ती महिन्याभरात परत आली, 'आमचं लेकरू ह्याच्यात राहतच नाही' या तक्रारीसकट.

आमच्या घरात सहा माणसं आहेत. मग जाळी कशाला?

माणसं नको मोजू, डोळे मोज. सासरे टीव्हीसमोर, दीर मोबाइलमध्ये, सासूबाईंचे गुडघे धरलेत, नवरा दुकानावर. 'बघा हो जरा' असं हवेत टाकलेलं वाक्य कुणाच्याच अंगावर पडत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. आमच्या घरात चार माणसं बसलेली असताना लेकरू जिन्याच्या सहाव्या पायरीवर सापडलं. पडलं नाही, नशीब. त्या दिवसापासून जाळी मांडायचं काम सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलं.

वय झालेल्या आजीकडे लेकरू ठेवून कामावर जाणाऱ्या बाईला मी तर आवर्जून सांगते: ही जाळी लेकराइतकीच आजीसाठी आहे. रांगणाऱ्या लेकरामागे सत्तरीतल्या बाईने पळायचं म्हणजे दोघांच्याही पडण्याची भीती. आजी खुर्ची टाकून जाळीशेजारी बसते, गोष्टी सांगते, लसूण सोलते.

सासूबाई म्हणतात, 'लेकराला काय कोंडवाड्यात घालायलीस का?' त्यांना काय उत्तर देऊ?

हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, त्यामुळे माझ्या लेखी आता तो मराठवाड्याचा अधिकृत अभिप्राय आहे. कोंडवाडा म्हणजे ग्रामपंचायतीचा, मोकाट जनावरं धरून कोंडायचा. शब्द झोंबणारच.

वाद घालू नको. त्यांच्या वेळचं विचार. माझ्या सासूबाईंनी ह्यांना लहानपणी शेतात बाभळीच्या सावलीला, पायाला लुगड्याची पट्टी बांधून बाजेच्या खुराला अडकवून ठेवलं होतं. हे त्यांनीच हसत हसत सांगितलं. तूर खुरपायची तर दुसरं करणार काय? मी एवढंच विचारलं, 'मामी, बांधल्यावर रडायचे का हो हे?' त्या म्हणाल्या, 'लई रडायचा. पण हिरीत पडण्यापरीस बरं.' मग दोघी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून जाळीत सतरंजी अंथरली.

तरी त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मनात ठेव. सकाळी आत घातलेलं लेकरू दुपारी बाहेर निघत असेल तर तो कोंडवाडाच आहे.

कितव्या महिन्यापासून ठेवावं आणि कधी बंद करावं?

लेकरू आधाराशिवाय बसायला लागलं की सुरुवात करायला हरकत नाही, म्हणजे साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात. खरा उपयोग रांगायला लागल्यावर. पण एक गोष्ट अनुभवाची: रांगायच्या आधीच त्याची सवय लाव. एकदा मोकळ्या घराची चव लागली की मग जाळी त्याला शिक्षा वाटते.

बंद कधी? ज्या दिवशी ते कठड्यावर पाय टाकून बघेल, त्याच दिवशी. बऱ्याच प्लेपेनवर सुमारे ८९ सेंटिमीटर उंची किंवा १४ किलो वजन अशी मर्यादा लिहिलेली असते, पण चपळ लेकरू त्याच्या कितीतरी आधी उडी मारतं. बाहेरून आत पडण्यापेक्षा आतून बाहेर पडणं वाईट, कारण डोकं आधी खाली येतं. 'अजून वजन बसतंय ना' म्हणून ताणू नका.

एका वेळी किती वेळ?

दहा ते वीस मिनिटं. कधी अर्धा तास झाला तर आभाळ कोसळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सल्ला दिला, त्यात तान्ह्या लेकराला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीशी बांधून एका वेळी तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, असं आहे. प्लेपेनमध्ये हातपाय मोकळे असतात, पण मी तोच तास वरची मर्यादा धरते. त्याच सल्ल्यात, जे अजून रांगत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान तीस मिनिटं पालथं खेळवावं असंही सांगितलंय. ते मात्र तू समोर बसून.

जाळीत ठेवल्याने लेकरू उशिरा चालतं, असं शेजारीण म्हणाली.

शेजारणीचं लेकरू दहाव्या महिन्यात चाललं असेल, म्हणून ती म्हणाली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या मुलांचं निरीक्षण करून २००६ मध्ये आकडे दिले. भारतही त्या पाचांत होता. निरोगी लेकरू आधाराशिवाय चालायला लागतं ते ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही. हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत. आणि शंभरातली चार-एक लेकरं तसं रांगतच नाहीत, त्यांतली काही बुडावर सरकत सरकत एकदम उभी राहतात. आमच्या जावेचं तसंच झालं. तिने तीन नवस बोलले, आता तो मुलगा पळायला लागला की हाती लागत नाही.

दिवसातला बाकीचा वेळ लेकरू जमिनीवर मोकळं असेल तर वीस मिनिटांच्या जाळीने चालणं लांबत नाही. उलट कठडा धरून उभं राहायला त्याला आयती जागा मिळते. दिवसभर जाळीत, नाहीतर दिवसभर कडेवर, यात मात्र नुकसान आहे. कडेवरचं कुणी मोजत नाही, पण तेही अडकवणंच.

मग वॉकरच घेऊ का? त्यात फिरता तरी येतं.

नको. अजिबात नको. बसायचा, चाकांचा गोल वॉकर म्हणजे पाय टेकायला न शिकलेल्या लेकराला दिलेली गाडी. जिन्याकडे, चुलीकडे, गरम चहाच्या कपाकडे ते असं सुसाट जातं की हात पुढे करेपर्यंत उशीर झालेला असतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली. चालायला लवकर शिकवतो हा समजही खोटा आहे.

आपला पांगुळगाडा वेगळा. तो लेकरू उभं राहून, स्वतःच्या पायांवर, ढकलत नेतं. पाय ठरवतात, गाडा नाही. उभं राहू लागलेल्या लेकराला सपाट अंगणात, कुणी मोठं सोबत असताना तो जरूर द्या. एवढी जुनी वस्तू एवढी शहाणी निघावी याचं मला अजून कौतुक वाटतं.

आमच्याकडे पाणी भरून ठेवावं लागतं. जाळी असली की काळजी मिटली ना?

या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं, तर जरा सविस्तर.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशाने वाचलं. देशाने वाचलं नाही ते असं, की तेव्हापासून आमच्या घरांत रिकामं भांडं दिसलं की हात शिवशिवतात. जालना असो, बीड असो, धाराशिव असो, पाणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून टिपाडं, हंडे, घागरी, बादल्या, न्हाणीतला हौद, कुलरची टाकी, सगळं भरलेलं. पाहुण्याला हे घर भरल्यासारखं दिसतं. रांगत्या लेकराच्या उंचीवरून बघा, म्हणजे दिसेल.

वर्षभराच्या लेकराचं डोकं त्याच्या अंगाच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकून बघतं, डोकं खाली जातं, पाय उचलले जातात, आणि त्याला परत उभं राहता येत नाही. भरलेली बादली कलंडत नाही, हाच तिचा धोका. अडीच सेंटिमीटर पाणीसुद्धा पुरतं, फक्त नाकतोंड बुडण्याइतकं. आणि आवाज होत नाही. सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो, लेकरू ओरडत नाही.

आता जाळीचा उपयोग कुठे? नळाला पाणी येतं तेव्हा. ती अर्धा-पाऊण तासाची धांदल आठवा: मोटार लावायची, पाइप एका टिपाडातून दुसऱ्यात टाकायचा, झाकणं उघडी, फरशी ओली, दार उघडं, सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे. रात्री दोनला पाणी आलं तर अर्धी झोपसुद्धा त्यात. ती वेळ जाळीची. आमच्याकडे नियम होता: आधी लेकरू जाळीत, मग मोटारीचं बटण.

पण काळजी मिटली, असं म्हणू नका. दिवसाचे बाकी सगळे तास लेकरू बाहेरच असणार आहे. टिपाडाला घट्ट झाकण, झाकणावर दगड किंवा पाटा. बादली वापरून झाली की लगेच रिकामी करून पालथी. पाणी वाया जातं असं वाटत असेल तर ते झाकणाच्या टिपाडात ओता. न्हाणीला बाहेरून, मोठ्या माणसाच्या उंचीवर कडी. शेतातल्या घरी विहीर, शेततळं, जनावरांचा हौद असेल तर त्यांच्यापुढे घरातली जाळी काहीच नाही. तिथे दाराला फळी आणि विहिरीला कठडा, दोन्ही हवं.

कोणत्या प्रकारचा घ्यावा?

तीन प्रकार दिसतात. घडीचा, जाळीच्या भिंतींचा. प्लास्टिकच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून रिंगण करायचा. आणि लाकडी.

आमच्या उन्हाळ्यासाठी जाळीचा उत्तम, वारा खेळतो आणि बाहेरून लेकरू दिसतं. जाळीची भोकं सहा मिलिमीटरपेक्षा लहान हवीत, नाहीतर झबल्याचं बटण किंवा बोट अडकतं. प्लास्टिकचं रिंगण मोठं करता येतं आणि धुता येतं, पण हलकं असेल तर दहा महिन्यांचं लेकरू ते ढकलत ढकलत घरभर फिरवतं. मी पाहिलंय: लेकरू आत, रिंगण चालतंय, मागे आजी. लाकडी दणकट, पण जागा खातो. पैशाचं म्हणाल तर आम्ही वापरलेला अठराशेला घेतला होता. महाग घेतलाच पाहिजे असं काही नाही. कुलूप नीट लागतं का आणि कडा टोचतात का, हे दुकानात खाली बसून हाताने बघा.

सुताराकडून करून घेतला तर?

चांगलाच होईल, पण सुताराच्या हौसेला आवर घाला. तो वर नक्षीदार कळस काढतो. कळसाला दोरा, झबलं, ओढणी अडकते, म्हणून खांब वरून सपाट. आडव्या पट्ट्या नकोत, लेकरू शिडीसारखं चढतं. उभे गज, दोन गजांत सहा सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर. मोजपट्टी नसेल तर थंड पेयाचा पत्र्याचा डबा गजांमधून घालून बघा, तो आरपार जाता कामा नये. उंची आतल्या तळापासून निदान पन्नास सेंटिमीटर, मी तर साठ सांगेन. खिळे नकोत, स्क्रू हवेत, आणि त्यांची डोकी आत बुडालेली.

रंगाचं महत्त्वाचं. दात येणारं लेकरू कठडा चावतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणून नवा, सीलबंद डबा, ज्यावर तसं लिहिलंय, तोच. लोखंडी फाटकाला मारून उरलेला रंग 'वाया कशाला घालवायचा' म्हणून इथे नको. न रंगवता पॉलिश पेपरने गुळगुळीत घासून ठेवला तरी चालतो.

घरात कुठे ठेवू?

जिथून तू दिसशील आणि ते दिसेल. चुलीपासून, गॅसच्या ओट्यापासून, न्हाणीतल्या बंबापासून लांब. खिडकीखाली नको, पडद्याच्या दोऱ्या हाती लागतात.

कुलरचं वेगळं सांगते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि लेकराला गार लागावं म्हणून जाळी कुलरसमोर सरकवली जाते. लोखंडी पत्र्याचा कुलर, पाणी, जुनी वायर: शॉक लागायला आणखी काय हवं? लेकराचा हात पोचणार नाही इतकं अंतर ठेवा, वायर जाळीच्या दुसऱ्या बाजूने न्या, कुलरला अर्थिंग करून घ्या. पत्र्याच्या घरात दुपारी बारा ते चार जाळी पत्र्याखाली नकोच. माळवदाच्या खोलीत, नाहीतर लिंबाच्या सावलीत. गच्चीवर कधीही नाही.

आतच झोपी गेलं तर राहू देऊ का?

डोळ्यासमोर असेल आणि तळ सपाट, घट्ट असेल तर थोडा वेळ चालेल. पण मऊ वाटावं म्हणून आत वाकळा, गोधड्या, उशा रचू नका. मोहरीची उशीसुद्धा नको. कंपनीच्या गादीवर दुसरी गादी टाकली की कडेला फट पडते, आणि त्या फटीत तोंड दाबलं जातं. वर्षाच्या आतलं लेकरू पाठीवर, सपाट जागी, आजूबाजूला काही नसताना झोपवायचं, एवढं पक्कं धरा.

झोळीबद्दल विचारतात. मीही झोळीतच वाढले. पण झोळीत तान्ह्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो. मोठं भावंड झोका देता देता गळ्याला पीळ बसल्याच्या बातम्या तर अधूनमधून येतात. नजर हटणार असेल तर झोळी नाही.

आत खेळणी कोणती ठेवू?

दोन-तीन, रोज बदलून. पातेलं आणि लाकडी चमचा हे आमच्याकडचं सगळ्यात यशस्वी खेळणं, फक्त शेजाऱ्यांची दुपारची झोप गेली. विकतचं घ्याल तर आयएसआय चिन्ह बघा. जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. मोठी टेडी, उशा, खोके आत नकोत, त्यांवर चढून ते बाहेर येतं. कठड्यावर आडवी दोरी बांधून खुळखुळे लटकवू नका.

आणि गळ्यातला काळा दोरा, ताईत. नजर लागू नये म्हणून बांधलेला दोरा कठड्याच्या टोकाला अडकला तर गळ्याला फास बसतो. माझ्या आईला हे पटवायला दोन दिवस लागले. शेवटी ताईत करदोड्यात गेला. देवाला कमरेवरूनही दिसतं, असं तीच म्हणाली.

आत ठेवलं की भोकाड पसरतं.

तू दिसेनाशी होतेस म्हणून. पहिले चार-पाच दिवस तू जाळीशेजारी खाली बस, शक्य असेल तर आतच बस. पोट भरलेलं, झोप झालेली असताना ठेव. दोन मिनिटांत बाहेर काढ, हसत असतानाच. मग पाच मिनिटं. तू सैपाक करताना बोलत राहा, त्याला आवाज पुरतो. खरंच घाबरून रडत असेल तर काढ, शिकवणी म्हणून रडू देऊ नको. काही लेकरांना जाळी आवडतच नाही. सात घरांतल्या दोघांना नाही आवडली, काय करणार.

मोबाइल लावून दिला की तासभर शांत बसतं. चालेल?

नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच.

विंचू, मुंग्या, पाली?

जाळीने विंचू अडत नाही. गादी रोज उचलून झटका, खाली बघा, घडीच्या सांध्यांत बघा. खाण्याचा कण आत राहू देऊ नका, तासाभरात मुंग्यांची रांग लागते. पावसाळ्यात गावाकडच्या घरी जाळी भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवा.

शेतात नेता येईल का?

घडीचा असेल तर येईल, पण सोबत माणूस हवं. कापूस वेचताना तू ओळीच्या दुसऱ्या टोकाला आणि लेकरू बांधावर, असं असेल तर जाळीचा उपयोग नाही. साप, कुत्री, गांधीलमाशा, ऊन, यांतलं काही ती थांबवत नाही. फवारणी चालू असेल त्या शेतात लेकरू नेऊच नका. औषधाचे रिकामे डबे घरी आणून त्यात पाणी भरणं तर त्याहून वाईट.

जुना, कुणी वापरलेला घेतला तर चालेल?

आमचा सात घरांनी वापरलाच. फक्त घडीचा असेल तर वरच्या दांड्यांचं कुलूप तपासा. कुलूप नीट बसलं नाही तर दांडी मधोमध मोडून खोल खाच होते आणि लेकराची मान तिच्यात अडकते. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशाने लेकरं दगावली आणि ते प्लेपेन परत मागवावे लागले. मांडल्यावर प्रत्येक दांडीवर मधोमध जोराने दाबून बघा. जाळी फाटली असेल तर घरी शिवू नका, सोडून द्या.

परवडत नाही, जागाही नाही. दुसरं काय करता येईल?

दाराला गुडघ्यापेक्षा उंच फळी बसवा. सैपाकघर बंद राहिलं तरी निम्मं काम झालं. आणि अंगणवाडीत जाऊन विचारा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली 'पाळणा' योजना आहे. त्यात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच जोडलेलं पाळणाघर चालवायचं आहे. सगळीकडे ते नाही, पण मागणी केल्याशिवाय येणारही नाही.

बांगलादेशात २०१३ नंतर गावोगाव दोन्ही करून पाहिलं होतं: घरांना प्लेपेन दिले, आणि गावातल्याच बाईच्या हाताखाली 'आँचल' नावाची पाळणाघरं चालवली. हेतू एवढाच, की लेकरं तळ्यात बुडू नयेत. पाळणाघरांनी जीव वाचवल्याचं ठळक दिसलं, नुसत्या प्लेपेनचं तसं दिसलं नाही. मला नवल वाटलं नाही. जाळी घरात उभी असते आणि लेकरू भलतीकडेच असतं, हे मी सातही घरांत पाहिलंय. पाळणाघरात एक जागतं माणूस असतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना तर जाळी नको, ते माणूस हवंय.

मोठं भावंड तीन वर्षांचं आहे. दोघांना एकत्र आत ठेवू?

नको, मोठं धाकट्यावर पडतं. उलटी युक्ती मात्र जमते: मोठ्याचे रंग, मणी, ठोकळे घेऊन मोठ्यालाच जाळीत बसवा आणि धाकटं बाहेर, तुमच्या समोर. बारीक मणी धाकट्याच्या तोंडात जात नाहीत आणि मोठ्याला 'माझं घर' मिळतं.

तुमचा तो प्लेपेन आता कुठे आहे? आम्हाला मिळेल का?

सध्या उदगीरला नणंदेकडे आहे. एका कोपऱ्याची जाळी फाटल्यापासून लेकरासाठी वापरणं बंद केलं. मागच्या महिन्यात गेले तेव्हा त्याच्यावर जुनी साडी पसरून नणंदेने कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि तिची दीड वर्षांची पोर बाहेरून जाळी धरून आत कसं शिरता येईल ते बघत होती.